पीठ खाली बसेपर्यंत

धुळ्यातल्या जुन्या वस्तीतल्या त्या गल्लीत गिरणी बंद पडायची ती दोनच कारणांनी. एक तर लाईट गेली म्हणून, नाहीतर पट्टा तुटला म्हणून. तिसरं काही कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून एका भर उन्हाळ्यात, पापडाच्या उडदाचे डबे उंबऱ्यापासून हातपंपापर्यंत रांगेत लागलेले असताना झुंबरबाईने चालू गिरणीचं लाल बटण दाबलं आणि ती रिकाम्या पोत्यावर भिंतीला टेकून बसली, तेव्हा बायांनी आधी वर दिव्याकडे पाहिलं. दिवा जळत होता. मग त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा जागेवर होता.

"काय झालं वो वहिनी?" रांगेत पहिली असलेल्या मंदाबाईने विचारलं.

"काही नाही."

"मग बंद का केली?"

"बसलेय जरा."

"बसलीस? लाईट असताना?"

मंदाबाईचं काही चुकत नव्हतं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा. आहे तोवर दळून घ्या, पाणी चढवून घ्या, इस्त्री करून घ्या, अशी सगळी गल्ली लाईटच्या मागे धावायची. त्यात ही बाई भर दुपारी, दिवा जळत असताना, बसली होती.

बाहेर ओट्यावर झुंबरबाईची सासू वच्छलाबाई बसलेली असायची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. डब्यांची रांग सांभाळणं, कुणी मध्ये घुसलं तर काठी आडवी घालणं, हे तिचं काम. तिने मान वळवून विचारलं, "लाईट गयी का व?"

"नाही अक्का, लाईट शे!" मंदाबाई म्हणाली. "तुमची सून बसली!"

"बसनी? मंग काय व्हयनं तिले?"

"काही नाही म्हणते."

"काही नाही तर मग उठ म्हणा!"

झुंबरबाई उठली नाही. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येत होती आणि तिच्यात पीठ तरंगत होतं. ती त्या तिरपेकडे पाहत राहिली. पीठ हळूहळू खाली उतरलं. तिरीप स्वच्छ झाली. मग ती उठली, पदर झटकला, हिरवं बटण दाबलं आणि मंदाबाईच्या उडदाला हात घातला.

पहिल्या दिवशी एवढंच झालं. पण दुसऱ्या दिवशी चाळीसगावची दुपारची गाडी शिट्टी देऊन गेली, तशी तिने पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्या दिवशीही. मग मात्र गल्लीला ते बोचायला लागलं.

झुंबरबाईचं माहेर बोदवडचं. बाप रेल्वेत गँगमन. रुळाच्या कडेलाच क्वार्टर. गाडी आली की भांडी थरथरायची, भिंतीवरचा आरसा हलायचा आणि बोलणारी माणसं तोंड मिटून गाडी जायची वाट पाहायची. गाडी गेली रे गेली की सगळे अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे. तिची आई भिकुबाई तेवढी तसं करत नसे. शेवटचा डबा गेला तरी ती सुपातले खडे वेचत गप्पच राही. लहानगी झुंबर विचारायची, "बोल ना माय, गेली ना गाडी." तर ती म्हणायची, "आवाज जाऊ दे पूर्ण."

रुळांमधून जाणारी ती बारीक थरथर मग दोघी मिळून ऐकायच्या. ती संपली की शेतातलं पाखरू ऐकू यायचं, लिंबाचं पान पडलेलं ऐकू यायचं. पुढची गाडी येईपर्यंत बोदवडला एवढी शांतता असे, की हाताने चाचपून पाहावी.

तिथून ती लग्न होऊन आली ती गिरणीत. सासऱ्यांनी घातलेली गिरणी, त्यांच्यामागे वच्छलाबाईने चालवलेली आणि तिचे गुडघे गेल्यावर झुंबरबाईच्या गळ्यात आलेली. नवरा लोटन आग्रा रोडवर टेम्पो चालवायचा. गिरणीचं काम बसल्या जागेचं नसतं. सकाळी स्वच्छ दगडावर आधी उपासाचा राजगिरा आणि भगर, मग गहू, मग दादर ज्वारी आणि बाजरी, उडीद घातलेलं कळण्याच्या भाकरीचं दळण सगळ्यांत शेवटी. वरून धान्य ओतायचं, खाली पीठ चिमटीत चोळून पाहायचं, दगड सैल-घट्ट करायचा, आणि हे सगळं मोटरीच्या त्या घरघरीत. तिथे कुणी बोलत नसे, सगळे ओरडत.

हळूहळू ती घरघर घरी यायला लागली. जेवताना कानात असायची, उशीवर डोकं टेकलं तरी असायची. मुलगी कुंदा म्हणायची, "आई, तू ओरडू नको ना माझ्यावर." झुंबरबाई ओरडत नसे. ती बोलत असे.

आणि मग एकदा, शिमग्याच्या आसपास, पट्टा तुटला. लोटन नवा पट्टा आणायला बाजारात गेला, बाया डबे ठेवून घरी गेल्या. झुंबरबाई पोत्यावर बसून राहिली. आधी तिला काहीच ऐकू आलं नाही, फक्त कानातली घरघर. मग ती घरघरही विरली. तिरपेतलं पीठ खाली बसत गेलं तसतसे एकेक आवाज वर आले. पत्र्यावर चिमण्यांची नखं. हातपंपाच्या तोटीतून पडणारा थेंब. तीन घरं पलीकडे हसीनाबीच्या शिलाई मशीनची टकटक. आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचा श्वास. तो ऐकून ती दचकलीच, जणू गिरणीत आणखी कुणीतरी होतं.

तेव्हा तिला आई आठवली. भिकुबाई जाऊन वर्षं झाली होती. ती गेली ती नेमकी पापडांच्या दिवसांत. झुंबरबाई बोदवडला गेली, रडली, आणि तिसऱ्या दिवसाची राख सावडून झाल्यावर परत येऊन गिरणीवर उभी राहिली, कारण डबे थांबले होते. त्यानंतर आईचा विचार करायला तिला वेळच झाला नव्हता. विचार यायचा, पण घरघरीत दळला जायचा. त्या दुपारी पहिल्यांदा तो अख्खा आला. "आवाज जाऊ दे पूर्ण," हे तिने आईच्या आवाजात ऐकलं.

लोटन पट्टा घेऊन आला, गिरणी सुरू झाली. पण झुंबरबाईला चटक लागली होती. लोक लाईट यायची वाट पाहायचे, ती जायची वाट पाहायला लागली. आणि मग एक दिवस तिच्या मनात आलं, की बटण तर माझ्याच हाताखाली आहे.

*

लोटनला ही बातमी टेम्पो स्टँडवर कळली. तिथे सुकदेव नावाचा एक ड्रायव्हर होता, त्याला दुसऱ्याच्या घरातलं सगळं आधी कळायचं.

"लोटनभाऊ, वहिनींनी गिरणीत रिसेस सुरू केली म्हणे! घंटाबिंटा लावून द्या एक."

लोटन तसा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त आपलं हसू झालेलं आवडत नसे. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "दम लागतो का तुला? डॉक्टरकडे जायचं का?"

"दम नाही लागत."

"मग कुणी काही बोललं? रुसलीस कुणावर?"

"नाही हो."

"मग लोकांना सांगू काय मी?"

"सांगा, बसते म्हणून."

"अगं, बसते म्हणजे काय? त्याला काही कारण लागतं की नाही?"

झुंबरबाईने यावर खरंच विचार केला. कारण सांगता आलं असतं. पण सांगितलं की त्या कारणाचा न्यायनिवाडा सुरू होणार, हे तिला दिसत होतं. आई आठवते म्हटलं तर म्हणतील, आठवायला घरी जागा नाही का? कान दुखतात म्हटलं तर म्हणतील, कापूस घाल. म्हणून ती म्हणाली, "तुम्ही चहा पीत बसता स्टँडवर, तेव्हा कुणाला कारण सांगता का?"

 लोटनने मग एक युक्ती काढली.

दगडाला टाकी लावायला नासीरभाई यायचे. दगड वापरून गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीने पुन्हा चरे पाडायचे, हे त्यांचं काम. धुळ्यातल्या निम्म्या गिरण्यांचे दगड त्यांच्या हाताखालून गेलेले. त्या आठवड्यात ते आले तेव्हा लोटन मुद्दाम घरी थांबला.

"नासीरभाई, दगड तापतो ना फार?"

"तापतोच की. लगातार चालवला तर पीठ जळतं. दगडाला आराम पाहिजे."

"ऐकलंस?" लोटन खुशीत झुंबरबाईला म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो एक पत्रा रंगवून घेऊन आला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'दगड थंड होत आहे. कृपया थांबावे.' पत्रा दाराला अडकवला आणि काय आश्चर्य, गल्ली शांत झाली. बाया पत्रा वाचायच्या, वाचता येत नसेल त्या विचारून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हां, दगड तापला असेल बाई."

झुंबरबाईने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी पत्रा काढला आणि पोत्याखाली घातला.

"का काढला?" संध्याकाळी लोटन हादरलाच. "सगळं सुरळीत झालं होतं!"

"दगड थंड होत नव्हता. मी बसले होते."

"पण त्यात तुझं गेलं काय?"

"दगडाला आराम लागतो, हे सगळ्यांना लगेच पटलं. नासीरभाईंनी सांगितलं आणि पटलं. बाईला लागतो म्हटलं की तुमच्या सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मी नाही दगडाच्या नावावर बसणार."

नासीरभाई पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी पोत्याखालचा पत्रा पाहिला आणि मिशीत हसले. "भाभी, मी दगड ठोकतो ना दिवसभर, घरी गेलो की बायको बोलते, मला ऐकूच येत नाही. ती समजते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो." थोडं थांबून म्हणाले, "आणि कधीकधी करतो पण."

*

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला रुपचंदची गिरणी होती. नवी मोटर, ट्यूबलाइट आणि भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. ती दुपारी बंद व्हायची नाही. काही बाया तिकडे गेल्या. ज्यांना गुडघ्यांमुळे तेवढं चालवत नव्हतं त्या इकडेच राहिल्या आणि रोज बोलून दाखवत राहिल्या. एकीने तर झुंबरबाई बसलेली असताना डबा मुद्दाम आपटला. झुंबरबाईने डोळे उघडले, डब्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले.

असं करत श्रावण आला आणि गोष्टीला भलतंच वळण लागलं.

खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ-मूठ गहू काढतात. ते दळण साधं दळण नसतं. त्याआधी गिरणी धुवावी लागते, दगड पुसावा लागतो, त्या पिठाला दुसऱ्या धान्याचा कण लागून चालत नाही. त्या वर्षी बेबाबाई नावाची वजनदार बाई गल्लीत होती. वजन शब्दालाही होतं आणि अंगालाही. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न बरेच दिवस अडलेलं होतं. एका दुपारी ती गव्हाचा डबा घेऊन आली ती नेमकी झुंबरबाई बसलेली असताना. बडबड करून उपयोग नाही हे माहीत असल्यामुळे ती पाय मोडून समोर बसली. झुंबरबाई उठली, तिने पहिलं दळण बेबाबाईचं काढलं. बेबाबाई घरी गेली तर शिरपूरचे पाहुणे ओट्यावर बसलेले, होकार घेऊन.

झालं. बेबाबाईने संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत सांगितलं, "ती काही उगीच बसत नाही बायांनो. ते मौन शे. कानबाईचं मौन. ती बोलत नाही कारण तिला बोलायची बंदी शे. त्यानंतरचं पहिलं दळण ज्याला मिळेल, त्याचं काम झालं समजा!"

आतापर्यंत जे कुणालाच पटत नव्हतं ते एका संध्याकाळीत सगळ्यांना पटलं. व्रत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत बायाच बाया. आणि मुख्य म्हणजे सगळ्या गप्प. झुंबरबाईने बटण दाबलं, ती बसली, तशा सगळ्या हात जोडून बसल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी झुंबरबाईला ते बरंही वाटलं. गल्ली आपल्यासोबत बसली, असं तिला वाटून गेलं.

ते फार टिकलं नाही. कुणीतरी उदबत्ती आणली. मग तिच्यासमोर नारळ आला, मग ताम्हन आलं. एका म्हातारीने पाया पडायला वाकून तिचा अंगठा धरला आणि सोडेचना. झुंबरबाईने दोनदा सांगितलं, "अहो, हे काही व्रत नाही." तर बेबाबाई बाकीच्यांकडे वळून कौतुकाने म्हणाली, "बघा! खरं व्रत करणारा कधी कबूल करत नाही!"

अक्काची तर चंगळ झाली होती. जी सून रांगेतल्या बायांच्या बोलण्याचा विषय होऊन तिला खाली पाहायला लावत होती, तिच्यामुळे आता अक्काला वाकून नमस्कार मिळत होता. ओट्यावर ती नवं लुगडं नेसून बसायला लागली. लोटनचाही चेहरा उजळला. स्टँडवर सुकदेव आता चेष्टा करत नव्हता, त्याने उलट आपल्या टेम्पोच्या परमिटचं काम होईल का, असं हळूच विचारलं होतं.

"आता तर सगळे मान देतात," लोटन म्हणाला. "दुपारी बस ना खुशाल. कोण अडवतंय?"

"मी बसत नाहीये हो. मला बसवलंय."

"एकच ना ते."

"तुम्हाला एकच वाटतं?"

कानबाई रविवारी बसणार होती. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटाच्या दळणासाठी एवढी गर्दी झाली की आत पाय ठेवायला जागा नव्हती. झुंबरबाईने सकाळीच गिरणी धुतली होती, दगड पुसला होता. पण सकाळी एकीनेही डबा पुढे केला नाही. सगळ्यांना मौनानंतरचंच दळण हवं होतं, आणि पहिलं हवं होतं. दुपारची गाडी गेली. झुंबरबाईने बटण दाबलं. ती खाली बसते न बसते तोच मागून डफ वाजला. बेबाबाईने कानबाईचं गाणं धरलं, मागे सगळ्यांनी उचललं. टाळ्या, डफ, कुणाच्या तरी हातातली घंटा, दारात रांगेवरून जुंपलेलं भांडण, उदबत्त्यांचा धूर. बाहेरून एका पोराचा आवाज आला, की मंडळाचा भोंगा इथे आणून बांधायचा का?

झुंबरबाई त्या सगळ्याच्या मधोमध बसलेली होती. तिरपेत पीठ होतं, धूर होता, उडालेला गुलाल होता. काहीच खाली बसत नव्हतं.

ती उठली. बायांना वाटलं, आज मौन लवकर सुटलं. पहिला डबा पुढे करायला झुंबड उडाली. झुंबरबाईने कुणाचाही डबा घेतला नाही. तिने हिरवं बटण दाबलं.

रिकामी गिरणी जेवढी ओरडते तेवढी भरलेली ओरडत नाही. दगडावर दगड घासून असा काही आवाज उठला की डफ कुठल्या कुठे गेला, गाणं तोंडातल्या तोंडात राहिलं. बायांनी कानांवर हात ठेवले. बेबाबाईचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द येत नव्हता. झुंबरबाईने तो आवाज सगळ्यांना पोटभर ऐकू दिला. मग लाल बटण दाबलं. दगड गिरक्या घेत घेत थांबला.

"हे मी दिवसभर ऐकते," ती म्हणाली. तिला ओरडावं लागलं नाही. "तुम्ही आत्ता एवढंसं ऐकलंत आणि कानांवर हात ठेवलेत. मी रोज ऐकते. म्हणून बसते. मौन नाही, व्रत नाही, कानबाईने मला काही सांगितलेलं नाही. कानबाई माझ्याही घरी बसते, तिला हात जोडून सांगते, तिच्या नावावर खोटं नको. बेबाताईच्या पोरीचं लग्न पोरीच्या गुणाने ठरलं."

"अगं पण—" बेबाबाई.

"लाईट गेली की तुम्ही सगळ्या निमूट बसता. संध्याकाळपर्यंत बसता. तेव्हा कुणी विचारत नाही लाईटला, की बाई तुझं व्रत आहे का, तुझी तब्येत बरी नाही का. लाईटला जायचा हक्क आहे. मला नाही?"

झुंबरबाईने समोरचं ताम्हन बाजूला सरकवलं.

"रोट मी दळून देईन. सगळ्यांचे देईन, रात्र झाली तरी देईन. पण आत्ता नाही. आत्ता मी बसणार आहे. कुणाला बसायचं असेल त्यांनी बसा. पाया पडायचं नाही आणि डफ बाहेर."

बेबाबाईचा चेहरा लाल झाला होता. सगळ्या गल्लीत जे सांगत फिरलो ते सगळ्या गल्लीसमोर खोटं पडलं, हे तिला सोसणारं नव्हतं. "चला गं," ती म्हणाली. "देवाधर्माचं दळण आहे, असल्या तोंडाच्या बाईकडे कशाला? रुपचंदकडे चला." डबे उचलले गेले. ताम्हन गेलं, घंटा गेली. जाताना कुणीतरी नारळसुद्धा परत नेला. मंदाबाई तेवढी दारात घुटमळली, डबा हळूच कोपऱ्यात सरकवला आणि म्हणाली, "मी संध्याकाळी नेते."

*

लोटन धावतच आला. सुकदेवने स्टँडवर काय सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. झुंबरबाई पोत्यावर बसलेली, गिरणी बंद, आणि गल्लीत रुपचंदच्या दिशेने चाललेली डब्यांची मिरवणूक.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "ऐन कानबाईत गिऱ्हाईक घालवलंस! मान मिळत होता तो लाथाडलास!"

"माझा नव्हताच तो."

"मी आता स्पष्ट सांगतो. उद्यापासून दुपारी गिरणी बंद झाली, तर मी ती देऊन टाकतो चालवायला. मग घरी बस, हवं तेवढं बस."

"घरी बसले की तुम्ही म्हणाल, रिकामी बसलीस तर मिरच्या खुड." झुंबरबाई जागची हलली नाही. "द्यायची तर द्या. तुमची गिरणी आहे. पण माझ्या हातात आहे तोवर दुपारी बंद राहणार. आणि मी कुणाला खोटं कारण सांगणार नाही."

लोटनने दाराकडे पाहिलं. ओट्यावर आईची पाठ दिसत होती. मग तो जवळ आला आणि, कित्येक वर्षांची सवय होती तसा, आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, आईला कळू देऊ नको. रुपचंदशी माझं बोलणं झालंय मागेच. तो भाड्याने घ्यायला तयार आहे."

"काय बोलनं व्हयनं रे लोटन?"

लोटन गर्रकन वळला. अक्का काठी टेकत उंबऱ्यात उभी होती.

गिरणी चालू असताना अक्काशी बोलायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. घरीही मोठ्याने बोलावं लागे. लोक म्हणायचे, वय झालं. लोटनला तर तिच्या पाठीमागे हवं ते बोलायची सवय झाली होती.

"तू... तुला ऐकू आलं?"

"गिरणी बंद शे ना," अक्का म्हणाली. ती आत येऊन डबे ठेवायच्या फळीवर बसली. नवं लुगडं पिठाने भरलं त्याकडे तिने लक्ष दिलं नाही. "मना कान वयानं नाही गेले लोटन. ह्या गिरणीनं खाल्ले. तुझा बाप गेल्यावर मी एक दिवस बंद ठेवली नाही. कुणी म्हटलंच नाही, अक्का बस जरा. आणि मलाही सुचलं नाही." तिने सुनेकडे पाहिलं. "हिला सुचलं. मी हिला रोज शिव्या देते. पण दुपारी ही बंद करते ना, तेवढाच वेळ माले ऐकू येस. त्या हातपंपावरच्या बाया काय बोलतात ते ऐकू येस. परवा कळलं, त्या मला बहिरी म्हातारी म्हणतात."

झुंबरबाईला हसू आलं. अक्कालाही आलं.

"कागद माझ्या मालकाच्या नावावर शे, त्याच्यामागे माझ्या. रुपचंदला सांग, वच्छलाबाई नाही म्हणते. आणि आता जा तू टेम्पोवर. हिचं बसणं राहिलंय."

"आई, तू पण?"

"आवाज नको करू," अक्का म्हणाली.

 लोटन गेला. जाताना त्याने दार ओढून घेतलं, जरा जोरातच. त्या धक्क्याने पुन्हा थोडं पीठ उडालं.

रोटाची फार थोडी दळणं त्या संध्याकाळी झुंबरबाईकडे आली. बेबाबाई पुढे कधीच आली नाही. मुलीच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा अक्काच्या नावाने आलं, झुंबरबाईचं नाव गाळून. गिऱ्हाईक गेलं ते बरंचसं गेलंच. लोटनने त्यावर काही वर्षं टोमणे मारले, मग कंटाळला. सुकदेवचं परमिट झालं नाही, त्याचा दोष त्याने झुंबरबाईला दिला.

अक्काचं दुपारचं बसणं मात्र फार काळ गप्प राहिलं नाही. ती ओट्यावरून ऐकायची आणि आत येऊन सुनेला सांगायला लागायची, "ऐकलं का, मंदाबाईचा जावई—" मग झुंबरबाई नुसतं बोट वर करायची. अक्का जीभ चावायची आणि पीठ खाली बसेपर्यंत मोठ्या कष्टाने ती बातमी तोंडात धरून ठेवायची.

नव्वदीची वर्षं आली. गल्लीत घराघरातून टीव्ही लागले, कॅसेटची दुकानं झाली, आग्रा रोडवरचे हॉर्न मध्यरात्रीही थांबेनात. रुपचंदने दुसरी मोटर बसवली. अक्का गेली तेव्हा झुंबरबाईने गिरणी दहा दिवस बंद ठेवली. कुणी डबा घेऊन आलं तर ती म्हणायची, "सासू गेली माझी. आत्ता नाही."

त्याच सुमारास गल्लीत एक नवं बिऱ्हाड आलं. बाई कुठल्याशा सरकारी कचेरीत नोकरीला, घाईत असलेली. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गव्हाचा डबा घेऊन आली. दार उघडं, दिवा जळतोय, पट्टा जागेवर, आणि गिरणीवाली भिंतीला टेकून बसलेली.

"लाईट आहे ना?"

"आहे."

"मग बंद का? उपवास-बिपवास आहे का काही?"

"नाही."

"बरं नाही का तुम्हाला?"

"ठणठणीत आहे."

"मग?"

"बसलेय."

नवी बाई घड्याळाकडे पाहत म्हणाली, "अहो पण मला घाई आहे. किती वेळ लागेल?"

झुंबरबाईने पत्र्याच्या भोकातून आलेल्या तिरपेकडे हात केला. पीठ अजून निम्म्यावर होतं.

"रुपचंदची गिरणी त्या टोकाला आहे," ती म्हणाली. "ती चालू असते. नाहीतर इथे पोतं आहे, बसा."